वारा किती सुटला, हे ठरवते कोण?

मे महिन्याच्या दुपारी खोपटच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट पाहत कधी उभे राहिला असाल, तर हा अनुभव तुम्हाला नवा नाही. आधी धूळ उठते. मग कागदाचे कपटे, प्लॅस्टिकच्या पिशव्या गोल गोल फिरत वर चढतात. बायका पदर सावरतात, पोरे डोळे चोळतात आणि सगळी गर्दी शेडखाली सरकते. ‘लय वारं सुटलं हो,’ असे कुणीतरी म्हणतेच. लय म्हणजे किती? शेजारचा म्हणेल, हे काहीच नाही, आमच्याकडे परवा याच्या दुप्पट होते. मुरबाड किंवा शहापूरकडचा बागवाला असेल तर तो झाडाखाली पडलेल्या कैऱ्यांच्या पाट्या मोजून वारा सांगेल. कोळीवाड्यातला माणूस होडीवरून सांगेल. ज्याचे त्याचे माप वेगळे आणि ज्याच्या त्याच्या जागी ते खरेही आहे.

पण वाचकहो, आता या मापांवर काम भागत नाही. आंब्याचा विमा उतरवला असेल तर तुमच्या पाट्या कुणी मोजायला येत नाही. नुकसान भरपाई मिळायची की नाही हे मंडळातल्या हवामान केंद्रावरच्या तीन फिरत्या वाट्या ठरवतात. त्या वाट्या फिरतात कशा, मोजतात काय आणि फसतात कुठे, हे म्हणूनच शेतकऱ्याला ठाऊक असायला हवे.

वाटीची गंमत

हे यंत्र बघायला लांब जायला नको. खोपटला उभे राहून मान वर केलीत तर कुठे ना कुठे नव्या टॉवरच्या बांधकामाची उंच क्रेन दिसेलच. तिच्या शेंड्याला एक छोटे भिरभिरे बसवलेले असते. जत्रेतल्या भिरभिऱ्याला पाती असतात, याला वाट्या असतात, एवढाच वरवरचा फरक. शाळेच्या भूगोलात याला वायुवेगमापक म्हणतात, हवामान खात्यात ॲनिमोमीटर.

वाट्या फिरतात का, याचे उत्तर तुमच्या छत्रीत आहे. वाऱ्याकडे छत्रीची फुगीर बाजू धरली की वारा बगलेतून निसटतो. आतली खोलगट बाजू धरली की छत्री हातातून ओढली जाते. आडव्या दांड्यांच्या टोकांना वाट्या एकाच रोखाने बसवल्या, की कुठल्याही बाजूने वारा आला तरी एकीची खोलगट बाजू वारा धरते, दुसरीच्या पाठीवरून तो निसटतो आणि चक्र नेहमी एकाच दिशेने फिरत राहते. वारा दिशा बदलो, वाट्यांना तोंड वळवावे लागत नाही. ही युक्ती १८४६ साली आयर्लंडमधल्या आर्मा वेधशाळेच्या रॉबिन्सन यांनी काढली. त्यांच्या यंत्राला चार वाट्या होत्या. १९२६ साली कॅनडाच्या जॉन पॅटरसन यांनी तीन वाट्यांचे यंत्र केले. ते झोताला अधिक चटकन आणि सारखी साथ देते, म्हणून आज बहुतेक ठिकाणी तीनच वाट्या दिसतात.

रॉबिन्सन यांची समजूत अशी होती, की वाट्या नेहमी वाऱ्याच्या एक तृतीयांश वेगाने फिरतात, मग वाटी लहान असो की मोठी. पुढे हे तितकेसे खरे नाही असे आढळले. वाटीचा आकार आणि दांडीची लांबी यांवर ते प्रमाण बदलते. त्यामुळे प्रत्येक जातीचे यंत्र आधी बोगद्यात ठेवून, ठाऊक असलेल्या वेगाचा वारा त्यावर सोडून तपासावे लागते. आपल्याकडे हे काम वर्षानुवर्षे पुण्याला हवामान खात्याच्या उपकरण विभागात होत आले आहे. तिथल्या ॲना मणी यांचे नाव इथे घ्यायलाच हवे. १९४८ साली त्या पुण्याला खात्यात आल्या. तोवर साधी उपकरणेही परदेशातून मागवावी लागत. ती इथे बनवायची, एका मापाने तपासायची, हे काम त्यांनी नेटाने केले. १९७६ला निवृत्त झाल्यावर पवनचक्क्यांसाठी देशभर वारा मोजायचा उद्योग त्यांनी हाती घेतला. साताऱ्याकडे वनकुसवड्याच्या पठारावर जी पाती फिरताना दिसतात, तशा जागा शोधायला आधी खांब रोवून वारा मोजावाच लागतो. कारण वारा दुप्पट झाला की त्यातली ताकद आठपट होते. उलटा हिशेब धरला, तर मोजणीतली थोडी चूकही धंदा बुडवायला पुरते.

सरासरीत लपलेली वावटळ

कृषी विद्यापीठांच्या हवामान केंद्रांवर जुन्या पद्धतीचे यंत्र बघितलेत तर त्याच्या पोटात रिक्षाच्या मीटरसारखे आकडे दिसतील. वाट्या फिरतात तसे आकडे पुढे सरकतात. किती किलोमीटर वारा यंत्रावरून गेला, एवढेच ते सांगतात. समजा काल सकाळी आकडा ४१,२५० होता आणि आज त्याच वेळी ४१,४१८ आहे. म्हणजे २४ तासांत १६८ किलोमीटर वारा गेला. सरासरी काढा, ताशी ७ किलोमीटर. वाचून वाटेल, काय शांत दिवस होता!

आणि त्याच दिवशी दुपारी साडेतीनला दहा मिनिटे वावटळीने तुमची बाग झोडपलेली असू शकते. मीटरमध्ये ती दहा मिनिटे विरघळून गेली. यंत्र खोटे बोलले नाही. आपण त्याला विचारलेच तसे. पीक किती पाणी मागेल याचा अंदाज घ्यायला दिवसाची सरासरी उत्तम. फांदी का मोडली हे विचारायला ती कुचकामी.

म्हणून वाऱ्याचा आकडा कानावर आला की लगेच पुढचा प्रश्न विचारायचा: किती वेळाची सरासरी? चक्रीवादळाचा वेग सांगताना आपले हवामान खाते तीन मिनिटांची सरासरी धरते, जगात अनेक ठिकाणी दहा मिनिटांची धरतात आणि अमेरिकेत एका मिनिटाची. झोत म्हणजे काही सेकंदांचा जोर, तो निराळाच. १७ मे २०२१ला तौक्ते चक्रीवादळ समुद्रातून उत्तरेकडे सरकत असताना कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरची नोंद झाली, ती झोताची. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा सांगितलेला ११० ते १२० हा आकडा सलग वाऱ्याचा होता. हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘दोन्ही वादळे सारखीच’ असे कुणी म्हणाले तर त्याला थांबवा. श्रीवर्धन, मुरूड, दापोलीच्या सुपारीवाल्यांना तर हा फरक वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

झोत कागदावर उमटवायचे यंत्र १८९२ साली इंग्लंडच्या डाइन्स यांनी केले. त्यामागे एक अपघात आहे. २८ डिसेंबर १८७९च्या रात्री स्कॉटलंडमध्ये टे नदीवरचा रेल्वे पूल तुफान वाऱ्यात आगगाडीसकट पाण्यात गेला. सुमारे ७५ माणसे बुडाली. पुलाचा आराखडा करताना वाऱ्याचा दाब हिशेबात घेतलाच नव्हता, असे चौकशीत निघाले. वारा पुलावर रेटा तरी किती देतो, हे मग नीट मोजायला सुरुवात झाली. डाइन्स यांच्या यंत्रात वाट्या नव्हत्या. वाऱ्याकडे तोंड करून एक नळी, तिच्यातल्या दाबाने वर-खाली होणारा पाण्यातला तरंगता डबा आणि डब्याला जोडलेले टाक. आपल्या हवामान खात्यानेही ही यंत्रे पुष्कळ वर्षे वापरली.

ठाण्याहून कोकण रेल्वेने गावी जाणाऱ्यांनो, तुमची गाडी रत्नागिरी सोडून निवसरकडे जाते तेव्हा पानवलचा पूल लागतो. खालच्या दरीपासून ६४ मीटर उंच. तिथे वायुवेगमापक बसवलेला आहे. तसाच गोव्यातल्या मांडवी आणि जुवारीच्या पुलांवर आणि होन्नावरजवळ शरावतीच्या पुलावर. वाऱ्याने ठरलेली मर्यादा ओलांडली की गाडीचा वेग कमी करतात किंवा गाडी अलीकडच्या स्टेशनात थांबवतात. भर पावसात गाडी का खोळंबली म्हणून आपण डब्यात बसून बोटे मोडतो. कधी कधी कारण त्या फिरत्या वाट्या असतात.

खांब कुठे उभा आहे?

आता आपल्या विम्याकडे येऊ. महावेध प्रकल्पात २०१७पासून राज्यात महसूल मंडळागणिक एक याप्रमाणे दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. पाऊस, उष्णता, दमटपणा, वाऱ्याचा वेग आणि दिशा यांची नोंद तिथून आपोआप पुढे जाते. हवामानावर आधारलेल्या फळपीक विम्यात भरपाई ठरते ती अशा संदर्भ केंद्राच्या नोंदींवरून. आंब्याला, केळीला ‘वेगाचा वारा’ हा धोका त्यात धरलेला आहे. हंगामातल्या ठरावीक मुदतीत वाऱ्याने ठरलेला आकडा गाठला तर पैसे, नाही गाठला तर नाहीत. पंचनामा नाही, पाहणी नाही. यात सोय आहे हे कबूल करायला हवे. पंचनाम्यासाठी कुणाच्या मागे फिरावे लागत नाही, कुणाची मर्जी सांभाळावी लागत नाही. पण सगळा भार एका खांबावर आला.

तो खांब कुठे उभा आहे? वारा मोजण्याचा जगभरचा नियम असा, की मोकळ्या जागेत जमिनीपासून १० मीटर उंचीवर मोजायचा आणि जवळपास झाड-घर असेल तर त्याच्या उंचीच्या दहापट तरी लांब राहायचे. १२ मीटरचे चिंचेचे झाड असेल तर खांब १२० मीटर लांब हवा. शेतीच्या केंद्रांवर मात्र पिकाला लागणारा वारा बघायचा म्हणून ३ मीटरवर मोजायची रीत आहे. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. पण जमिनीलगत वारा गवताला, बांधाला, झुडपाला घासून मंदावतो. मोकळ्या माळावरचा साधारण हिशेब असा: १० मीटरवर ताशी २५ किलोमीटर वारा असेल तर त्याच जागी ३ मीटरवर तो २१च्या आसपास भरतो. आता समजा विम्याची अट २५ची आहे. एकाच माळावर, एकाच वाऱ्यात, उंच खांबावरचे यंत्र म्हणेल पैसे द्या आणि बुटक्या खांबावरचे म्हणेल नको. अट कुठल्या उंचीच्या वाऱ्यासाठी आहे, हे म्हणूनच विचारून घ्यायचे.

आपल्याकडे माळ तरी कुठे सपाट आहेत? माळशेजच्या पायथ्याची गावे घ्या किंवा शहापूरच्या डोंगरपट्ट्यातली. खिंडीतून वारा नळीतून सोडल्यासारखा येतो आणि टेकडीमागच्या पाड्यावर पानही हलत नाही. मंडळात एक केंद्र आणि गावे अनेक. मेघगर्जनेच्या वादळाचा झोत तर एका शिवारातून जातो आणि पलीकडचे शिवार कोरडे ठेवतो. केंद्र त्या पट्ट्यात असेल तर नोंद होणार, नसेल तर नाही. यात कुणाची लबाडी असायलाच हवी असे नाही. पण भोगतो तो शेतकरीच.

शिवाय यंत्राला देखभाल लागते. धूळ आणि किनाऱ्याकडची खारी हवा बेअरिंगमध्ये शिरली की वाट्या जड होतात. मग मंद वाऱ्यात त्या हलतच नाहीत आणि जोराच्या वाऱ्यातही आकडा कमी दाखवतात. उलटी खोडही आहे. झोतात वाट्या चटकन वेग घेतात पण तितक्या चटकन सोडत नाहीत, त्यामुळे भन्नाट वाऱ्यात सरासरी थोडी जास्त भरते. कोळ्याचे जाळे, पक्ष्याने मारलेली धडक, तुटलेली वाटी, हे तर रोजचेच. हलते भाग नसलेली यंत्रेही आता आली आहेत. त्यांत एका टोकाकडून दुसऱ्याकडे न ऐकू येणारा आवाज सोडतात. वाऱ्याबरोबर जाणारा आवाज लवकर पोहोचतो, वाऱ्याविरुद्धचा उशिरा, आणि त्या फरकावरून वेग निघतो. शेताच्या त्या टोकाला मारलेली हाक वाऱ्यावर कशी येते, ते आठवा. रडार तर लांबूनच ढगातल्या थेंबांची चाल बघून वारा ओळखते. पण मंडळात शेवटी खांबावरचेच यंत्र.

तेव्हा सवड काढून एकदा आपल्या मंडळाचे केंद्र बघून या. तालुका कृषी कार्यालयात विचारलेत तर जागा कळेल. कुंपणाला हात लावू नका, बाहेरूनच बघा. वाट्या तिन्ही शाबूत आहेत का? झाडे हलत असताना त्या फिरतायत का? शेजारी नवी इमारत किंवा वाढलेली झाडे आहेत का? काही खटकले तर तारखेचा फोटो काढून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. वादळ होऊन गेल्यावर केलेल्या तक्रारीपेक्षा हंगामाआधी केलेल्या तक्रारीला वजन असते. त्या हंगामाच्या शासन निर्णयात वाऱ्याची अट आणि मुदत छापलेली असते, तीही वाचून ठेवा. पावतीबरोबर ठेवलात तर उत्तम.

एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. मोबाईलवर गावाचे नाव टाकले की जो वारा दिसतो, तो बहुतेक वेळा मोजलेला नसतो, गणिताने काढलेला अंदाज असतो. तो पुरावा म्हणून दाखवू नका.

दुप्पट वारा, चौपट रेटा

वाऱ्याबद्दल आपली सगळ्यांची एक चूक होते. वारा दुप्पट झाला तर रेटाही दुप्पट होईल असे वाटते. तो चौपट होतो. ताशी ६० किलोमीटरचा वारा समोरच्या एक चौरस मीटर पत्र्यावर साधारण १७ किलो रेटा देतो. १२० झाला की ६९ किलो. १३ मे २०२४ला घाटकोपरला वादळी वाऱ्यात पेट्रोल पंपावर जाहिरातीचा फलक कोसळून १७ माणसे गेली. नियम ४० फूट बाय ४० फुटांचा आणि फलक सुमारे १२० बाय १२०. लांबी-रुंदी तिप्पट म्हणजे क्षेत्रफळ नऊपट. ६० किलोमीटरच्या वाऱ्यात एवढ्या फलकावर साध्या हिशेबानेच २३ टनांच्या आसपास रेटा येतो. नियमातल्या फलकावर तो अडीच टनांच्या थोडा वर आला असता. शेडनेट, पॉलिहाऊस, कोंबड्यांची शेड बांधणाऱ्यांनी हाच हिशेब गवंड्याला आणि फॅब्रिकेटरला विचारावा.

क्रेनवाल्यांना तो ठाऊक असतो. शेंड्यावरच्या वाट्यांनी मर्यादा दाखवली, बऱ्याच क्रेनना ती सेकंदाला २० मीटर म्हणजे ताशी ७२ किलोमीटर असते, की काम बंद. आणि काम संपले की क्रेनचा आडवा हात बांधून ठेवत नाहीत, फिरायला मोकळा सोडतात. देवळावरच्या पताकेसारखा तो आपोआप वाऱ्याच्या रोखाने वळतो. रात्री क्रेन एकटीच फिरताना पाहून घाबरलेली माणसे आम्हाला भेटली आहेत.

पाठीवर पंप घेण्याआधी

फवारणीला यंत्र नसले तरी चालते. १८०५ साली बोफोर्ट नावाच्या नौदल अधिकाऱ्याने डोळ्यांनी वारा मोजायची पट्टी केली, ती आजही चालते. धूर सरळ वर गेला तर वारा नाही. तोंडाला वारा जाणवला आणि पाने सळसळली तर ताशी ६ ते ११ किलोमीटर. बारीक डहाळ्या सारख्या हलत राहिल्या तर १२ ते १९. धूळ आणि कागद उडाले तर २० ते २८. मोठ्या फांद्या हलल्या आणि छत्री धरवेना, तर ३९ ते ४९. कौले सुटू लागली तर ७५च्या पुढे. खोपटच्या स्टँडवरची ती दुपार तुम्ही आता स्वतःच मोजू शकाल.

पाने सळसळतात इतपत वारा असताना फवारा, पाठीवर वारा घेऊन आणि वाऱ्याविरुद्ध मागे सरकत. डहाळ्या हलू लागल्या की थांबा. अगदी पडलेल्या वाऱ्यातही फवारू नये, कारण पहाटेच्या निवांत हवेत औषधाचे बारीक थेंब खाली न बसता तरंगत राहतात आणि श्वासात जातात. २०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २०हून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले. त्याची कारणे पुष्कळ होती, औषधांची मिश्रणे, पंप, उंच वाढलेली कपाशी, उघडे अंग. वारा न बघता फवारणे हे त्यात भर घालणारे.

आणि ज्यांना आकडाच हवा, त्यांनी पोरांना कामाला लावावे. सायकलच्या आऱ्याच्या दोन कांड्या अधिक चिन्हासारख्या बांधायच्या, चार टोकांना प्लॅस्टिकच्या वाट्या, मधल्या आसापासून वाटीच्या मध्यापर्यंत १५ सेंटिमीटर. एक वाटी लाल रंगवायची म्हणजे फेऱ्या मोजता येतात. वाट्या वाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाने फिरतात असे धरले तर मिनिटाला ६० फेऱ्या म्हणजे ताशी १० किलोमीटर, १२० फेऱ्या म्हणजे २०. हिशेब बरोबर आहे का, हे बघायचे असेल तर वारा पडलेला असताना सकाळी मोकळ्या रस्त्यावर मोटारसायकल ताशी २०ने चालवा. मागे बसलेल्याने यंत्र बाजूला, चालवणाऱ्याच्या आडोशाबाहेर धरायचे आणि फेऱ्या मोजायच्या. एकदा जाताना, एकदा येताना, आणि दोन्हींची सरासरी. ती १२०पेक्षा कमी-जास्त आली तर वहीत आपला आकडा लिहून ठेवा. तुमच्या यंत्राचे माप तेच.